दिसलेला चेंडू

भाकरी थापायची वेळ आली की कौशल्या वळवी डोळ्यांवरचा चष्मा काढून ओट्याच्या कडेला ठेवायची. चष्मा असला की हात बिचकायचे. परातीतली भाकरी दिसायची, तिची कड दिसायची, आणि दिसते म्हणून लक्ष तिकडे जायचं. तेवढ्यात एका बाजूला भेग पडलेली असायची. चष्मा काढला, सगळं पुन्हा काळं झालं, की बोटं शहाण्यासारखी वागू लागायची.

त्या दिवशी दुसरी भाकरी तव्यावर असताना क्रिकेट मंडळाच्या कचेरीतून फोन आला. चौकशी समितीची बैठक गुरुवारी अकरा वाजता आहे, कर्णधार म्हणून तुम्ही हजर राहावं, असा निरोप होता. कौशल्याने बरं म्हटलं आणि भाकरी उलटली. ती करपली होती, हे तिला वासावरून कळलं.

अंध महिलांचा भारतीय संघ काठमांडूहून परत येऊन तीन आठवडे झाले होते. वीस षटकांच्या विश्वचषकात हा संघ लागोपाठ दोनदा जिंकला होता. या वेळी सहापैकी चार सामने हरला आणि सात संघांत सहावा येऊन परतला. का हरला, याचं उत्तर ज्याच्या त्याच्याकडे तयार होतं. कुणी म्हणालं, मुलींच्या डोक्यात हवा गेली. कुणी म्हणालं, जाहिराती फार केल्या. प्रशिक्षक शिरोडकर सरांनी पत्रकारांना सांगितलं की मैदानावरून दर दहा मिनिटांनी विमान जायचं, त्या घरघरीत चेंडू ऐकू यायचा नाही. विमानं खरोखरच जात होती. पण ती सातही संघांच्या डोक्यावरून जात होती.

हा खेळ कानांचा आहे. चेंडू कडक प्लास्टिकचा आणि आत छर्रे भरलेला असतो, तो खुळखुळत येतो. गोलंदाज विचारते, 'तयार?' फलंदाज 'हो' म्हणते, आणि गोलंदाज 'प्ले' म्हणत चेंडू हाताखालून जमिनीलगत सोडते. खेळाडूंचे तीन गट असतात. पहिल्या गटातल्यांना काहीच दिसत नाही, दुसऱ्यातल्यांना अंधूक दिसतं, तिसऱ्यातल्यांना त्याहून थोडं बरं. संघात पहिल्या गटातल्या चौघी तरी असाव्याच लागतात आणि त्यांची प्रत्येक धाव दुप्पट धरली जाते. कौशल्या अकरा वर्षं पहिल्या गटातली सलामीची फलंदाज होती. कानात प्राण आणून ऐकणं म्हणजे काय, ते तिचा खेळ बघून लोकांना कळायचं. चेंडू हातातून सुटल्यावर पहिल्या दोन खुळखुळांतच तो कुठे येणार ते ती ओळखायची, गुडघा टेकायची आणि झाडूने केर लोटावा तसा तो सीमेपार लोटून द्यायची.

मग दीड वर्षापूर्वी तिला दिसू लागलं.

उपचाराला प्रकाशजनुक उपचार म्हणतात. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर उजेड टिपणाऱ्या पेशी असतात. कौशल्याच्या त्या पेशी ती सात वर्षांची होईतो एकेक करून मेल्या होत्या. त्यांच्या मागच्या पेशी मात्र धडधाकट होत्या, फक्त त्यांना उजेड कळत नव्हता. तळ्यातल्या शेवाळाला उजेड कळतो. त्या शेवाळातला एक जनुक निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसवून डोळ्यात सोडला की त्या मागच्या पेशींनाही उजेड कळू लागतो. पण नुसता उजेड त्यांना पुरत नाही. म्हणून चष्मा. त्यातला कॅमेरा समोरचं चित्र घेतो आणि पेशींना जाणवेल एवढ्या तेज प्रकाशात बदलून डोळ्यात टाकतो. पिठाच्या चाळणीतून बघावं तसं करडं, दाणेदार दिसतं. पण दिसतं.

संघातल्या आणखी तिघींनी तिच्याबरोबर हा उपचार घेतला. दोन जगज्जेतेपदांचं बक्षीस म्हणून सरकारने तो देऊ केला होता. पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा काय पाहिलंत, असं सगळ्यांनी विचारलं आणि कौशल्याने सगळ्यांना सांगितलं की आईचा चेहरा. खरं तर तिने खिडकी पाहिली होती. उजेडाचा एक चौकोन, बस्स. ते काय आहे हे कळायला तिला अर्धा तास लागला होता. पण लोकांना आईचा चेहरा हवा होता, आणि धडगावहून दोन गाड्या बदलून आलेली आई शेजारी उभी होती.

तिला पुन्हा अंधार हवा होता असं मात्र कुणी समजू नये. संध्याकाळी रस्त्यावर दिवे लागताना बघायला ती खिडकीत उभी राहायची. वाळत घातलेल्या कपड्यांच्या सावल्या हलताना पाहून तिला हसू यायचं. महिन्यागणिक दाणे बारीक होत गेले, चित्र सुधारत गेलं. उपचारानंतर चारही जणी नियमाप्रमाणे दुसऱ्या गटात गेल्या. पहिल्या सहा महिन्यांत त्या नेहमीसारख्याच खेळल्या, एक मालिका जिंकल्यासुद्धा. मंडळात आनंदीआनंद होता. ज्या मुली नुसत्या कानांवर जग जिंकतात त्या कान आणि डोळे घेऊन उतरल्या तर काय करतील, असं अध्यक्षांनी भाषणात विचारलं होतं.

काठमांडूत त्याचं उत्तर मिळालं. पहिल्याच सामन्यात श्रीलंकेच्या गोलंदाजाने 'प्ले' म्हणून चेंडू सोडला आणि कौशल्याला तो दिसला. पांढरा ठिपका, स्वच्छ. तो ऐकूही आला. पण जिथे दिसला तिथे तो ऐकू येत नव्हता. क्षणभर तिला वाटलं, दोन चेंडू येताहेत. बॅट दोघांच्या मधून गेली आणि मागे धातूच्या यष्ट्या खणकन वाजल्या. परत जाताना तिने कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या सामन्यातही तेच झालं. उपचार झालेल्या बाकी तिघींचंही तसंच चाललं होतं. एकीने सोपे झेल सोडले. दुसरी, जिचा चेंडू आजवर यष्टिरक्षकाच्या आवाजावर सुतासारखा जायचा, ती एका षटकात चार वाइड टाकून रडत बसली. जी ती मनात म्हणत होती की माझंच काहीतरी बिघडलंय. लाजेपायी कुणी दुसरीला विचारलं नाही.

शेवटचा सामना बांगलादेशाशी होता. उपांत्य फेरीची आशा आधीच संपली होती. एकशे अठ्ठेचाळीस धावा हव्या होत्या आणि पाच गडी एक्केचाळीसवर बाद झाले. कौशल्या या सामन्यात खालच्या क्रमांकावर उतरली होती. खेळपट्टीवर येताना ती थांबली, चष्मा काढला आणि राखीव खेळाडूच्या हातात दिला. पंच म्हणाल्या, चष्मा काढला तरी तुमचा गट दुसराच राहील, धावा दुप्पट होणार नाहीत. ती म्हणाली, माहीत आहे.

तिला वाटलं होतं, अंधार झाला की सगळं ठिकाणावर येईल. पहिला चेंडू खुळखुळत आला, तिने मधल्या यष्टीच्या रेषेत बॅट घातली आणि चेंडू एक वीत डावीकडून निघून गेला. दुसरा नडगीवर बसला. आयुष्यात पहिल्यांदा कौशल्याला चेंडूची भीती वाटली. डोळे गेले तेव्हा ती लहान होती, तेव्हाचं दुःख तिला आठवत नव्हतं. आज कान गेले होते, आणि ते तिला कळत होतं.

दुसऱ्या टोकाला सलमा तडवी होती. यावलची, वीस वर्षांची, पहिल्या गटातली. तिची उपचाराची पाळी अजून यायची होती. संघात ओडिशापासून आसामपर्यंतच्या मुली असल्याने सगळ्या हिंदीत बोलायच्या, या दोघी मात्र आपसांत मराठीत. सलमाने हाक मारली, "ताई, कानावर भरवसा ठेव."

"कान खोटं बोलतायत," कौशल्या म्हणाली. "मी नुसती उभी राहते. तू मार."

आणि ती उभी राहिली. जिने अकरा वर्षं गोलंदाजांना पळता भुई थोडी केली होती, ती त्या दिवशी यष्ट्यांपुढे बॅट आडवी टेकवून, दार लावून बसावं तशी बसली. कधी बॅटवर, कधी पॅडवर, कधी हातावर चेंडू घेतले. संधी मिळाली की एकेक धाव काढून सलमाला समोर आणलं. सलमा अशी खेळली की प्रेक्षकांनी तिच्या चेंडूंना आपणहून श्वास रोखायला सुरुवात केली, तिला ऐकू यावं म्हणून. त्या दोघींनी शहाण्णव धावा जोडल्या. त्यातल्या कौशल्याच्या नऊ होत्या. संघ दहा धावांनी हरला, सलमा ऐंशीवर नाबाद राहिली. दोघी एकमेकींचा हात धरून परतल्या तेव्हा कौशल्याची मान ताठ होती. त्या नऊ धावांचा तिला जितका अभिमान वाटला तितका कुठल्याच शतकाचा वाटला नव्हता.

हा सामना पुण्यात बसून डॉ. नसरीन काझी टीव्हीवर बघत होत्या. उपचाराआधी चौघींच्या मेंदूची आणि कानांची तपासणी त्यांनीच केली होती. चष्मा काढल्यावरही कौशल्याची बॅट दर वेळी एकाच बाजूला चुकते आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तिला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं.

अर्धगोलात मांडलेले एकतीस ध्वनिक्षेपक, प्रत्येकावर एक बारका दिवा. मधोमध खुर्ची. एखाद्या ध्वनिक्षेपकातून टक असा आवाज यायचा आणि कौशल्याने बोट दाखवायचं. उपचाराआधी इथेच तिची चाचणी झाली होती. तेव्हा ती दोन बोटांपलीकडे कधी चुकली नव्हती. आता आवाज एकीकडे आणि दिवा दुसरीकडे लागला की तिचं बोट दिव्याकडे जायचं. आवाज तिथूनच आला, हे ती शपथेवर सांगायला तयार होती. चष्मा काढून पुन्हा चाचणी घेतली. दिवे तिच्यासाठी विझले, तरी बोट वीतभर चुकतच राहिलं.

डॉक्टरांनी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "बोलक्या बाहुल्यांचा खेळ कधी पाहिलाय? म्हणजे ऐकलाय?"

कौशल्याला आठवलं. ती शिकत होती त्या अंधशाळेत एकदा असा कलाकार आला होता. एकच माणूस एका जागी बसून दोन आवाजांत बोलत होता. शिक्षक हसून हसून बेजार झाले आणि मुलं कंटाळून बसली होती. त्यात हसण्यासारखं काय आहे ते एकालाही कळलं नव्हतं.

"बरोबर," डॉक्टर म्हणाल्या. "डोळसांना बाहुलीचे ओठ हलताना दिसतात, म्हणून त्यांना आवाज बाहुलीतूनच आल्यासारखा वाटतो. मेंदू डोळ्यांचं आधी ऐकतो. तुम्हा मुलांना तो खेळ फसवू शकला नाही. आता तुम्हाला फसवेल."

मग त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. बावीस वर्षं कौशल्याच्या मेंदूतला पाहण्याचा भाग रिकामा पडून नव्हता. तो ऐकण्याच्या कामाला जुंपलेला होता. म्हणूनच तिचं ऐकणं डोळसांपेक्षा कितीतरी बारीक होतं. आता डोळे परत आले आणि त्यांनी आपली जागा मागितली. दिसणं जसजसं सुधारलं तसतसा मेंदू त्याच्यावर जास्त विसंबू लागला, आणि कानांचा जुना नकाशा डोळ्यांच्या मापाने पुन्हा आखायला घेतला. पण डोळ्यांचं माप चुकीचं होतं. चष्म्याला चित्र पकडून बदलायला सेकंदाचा बारावा भाग लागतो. भाजी चिरताना तेवढ्याने काही अडत नाही. पण तेवढ्या वेळात चेंडू पाच फूट पुढे आलेला असतो. म्हणजे कौशल्याला दिसत होता तो मघाचा चेंडू आणि ऐकू येत होता तो आत्ताचा. मेंदूने दोघांच्या मध्ये कुठेतरी तडजोड केली, आणि त्या तडजोडीच्या जागी चेंडू कधीच नव्हता. कौशल्याने विचारलं की हे आमच्या आधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही. डॉक्टर म्हणाल्या की आजवर हा उपचार घेतलेल्या कुणी वेगाने येणाऱ्या चेंडूसमोर उभं राहून पाहिलंच नव्हतं. मग म्हणाल्या की विचारायला हवं होतं ते मी, आणि मी विचारलं नाही.

कौशल्या ऐकत राहिली. तिच्या छातीवरचा मोठा दगड खाली उतरला. आम्ही खेळ विसरलो नाही, माजलो नाही, कसूर केली नाही. चार जणी चार खोल्यांत एकट्या रडल्या होत्या त्याचं कारण या अर्धगोलात मांडून ठेवलेलं होतं. तिने अहवाल मागितला आणि त्याच दिवशी तिघींना फोन करून सगळं सांगितलं.

तिने पाठवलेला तो अहवाल वाचून शिरोडकर सर मात्र बुधवारी तिच्या घरी आले. सर स्वतः तिसऱ्या गटातून खेळलेले, या मुलींना त्यांनी बोट धरून चालवलेलं. त्यांनी तिला बजावलं की हा कागद समितीपुढे ठेवू नकोस. अध्यक्ष हिरवाडकर साहेबांचं मन त्यांना ठाऊक होतं. उपचारामुळे संघ हरला असं एकदा लिहिलं गेलं की ते खेळाडूंच्या करारात अट घालतील: संघात आहात तोवर उपचार घ्यायचा नाही. सलमाची तारीख पंधरा जानेवारीची आहे, ती गेली. तिच्यामागच्या पाच मुलींचीही गेली. त्यापेक्षा विमानांचं कारण काय वाईट आहे, असं सर म्हणाले. विमानाला कुणी शिक्षा करत नाही.

सर गेले. सरांचं गणित चुकीचं नव्हतं. खोटं बोललं तर सलमाला डोळे मिळणार होते. पण उद्या सलमाही असाच मघाचा चेंडू बघत बाद होईल, खोलीत दार लावून रडेल, आणि आपलंच काहीतरी बिघडलंय असं समजेल. खरं बोललं तर कुणीतरी तिला सांगेल की चषकासाठी अंधारात राहा. कौशल्याला दोन्ही गोष्टींचा सारखाच संताप आला.

गुरुवारी समितीत तिघं होते. अध्यक्ष बाळकृष्ण हिरवाडकर, माजी पंच मालिनी गद्रे आणि एक निवृत्त न्यायाधीश. हिरवाडकर वाईट माणूस नव्हते. या खेळाला कुणी विचारत नव्हतं तेव्हा त्यांनी दारोदार फिरून तो उभा केला होता. कौशल्याने अहवाल वाचून दाखवायला सांगितला.  मग हिरवाडकरांनी, सर म्हणाले होते अगदी तसंच, अटीचं बोलणं काढलं. ही सक्ती नाही, असं त्यांनी सांगितलं. ज्यांना उपचार हवा त्यांनी घ्यावा, फक्त संघ सोडावा. शेवटी मुलींच्याच भल्यासाठी. संघ जिंकला तरच उद्याच्या मुलींना मैदान मिळेल.

कौशल्या उठून उभी राहिली. समोरची तीन माणसं तिला दाणेदार, करड्या आकारांसारखी दिसत होती. हिरवाडकरांचा आकार कुठला ते तिने आवाजावरून ठरवलं.

"साहेब, आम्हाला दिसत नव्हतं म्हणून आम्ही जिंकत होतो असं तुम्हाला वाटतं," ती म्हणाली. "तसं नाही. न दिसणारे लोक लाखो आहेत. आम्ही जिंकत होतो कारण आम्हाला ऐकता येत होतं, आणि ते आम्ही शिकलो होतो. बावीस वर्षं लागली मला. ती विद्या आहे, व्यंग नाही. ती गेली, त्याचं मला दुःख आहे. पण हरल्याची लाज नाही. उपचार पुन्हा घ्यायचा झाला तर मी पुन्हा घेईन."

हिरवाडकर म्हणाले की मग संघाचं काय करायचं ते तूच सांग.

"उपचार झालेल्या मुलीला वर्षभर संघात घेऊ नका. डॉक्टरांच्या त्या खुर्चीत बसवा, कान आणि डोळे जुळले की नाही ते बघा, मग घ्या. हा नियम आधी असता तर आम्ही चौघी काठमांडूला गेलोच नसतो. तो आजपासून लावा, आणि पहिलं नाव माझं खोडा." मग ती म्हणाली, "पण मुलींना अंधारात ठेवून संघ करायचा असेल, तर त्या संघाची कप्तान मी कधीच नव्हते असं समजा."

गद्रेबाईंनी टेबलावरचा कागद पुढे ओढला आणि नियमाचे शब्द पुन्हा सांगायला सांगितले. त्या ते लिहून घेत होत्या. न्यायाधीशांनी विचारलं, तुमचं वय काय. तीस, ती म्हणाली. एक वर्ष बाहेर बसल्यावर तुम्ही परत याल का, असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं की ते माहीत नाही.

दोन दिवसांनी निकाल आला. कराराला अट लागली नाही. दोन विरुद्ध एक अशा मताने वर्षभराच्या विश्रांतीचा नियम झाला आणि चौघींची नावं संघातून निघाली. हिरवाडकरांनी विरोधात मत दिलं होतं, पण निकालाचं पत्र त्यांनी स्वतः कौशल्याच्या घरी आणून दिलं. दारात उभं राहून ते म्हणाले की भाषणात मी जो प्रश्न विचारला होता तो चुकला. ती म्हणाली, प्रश्न बरोबर होता साहेब, घाई झाली. अहवाल छापून आल्यावर काहींनी त्याचीही टिंगल केली, हरल्यावर सबबी सुचतात म्हणून. पण तिकडे बांगलादेशाच्या कर्णधाराचा निरोप आला. तिच्या संघातल्या दोघी हा उपचार घेणार होत्या आणि आता त्या वर्षभर थांबून खेळणार होत्या. तिने लिहिलं होतं की त्या दिवशी तुम्ही बॅट आडवी धरून बसलात तेव्हा आम्हाला वाटलं होतं तुम्ही आमची थट्टा करता आहात. माफ करा.

सलमाने पंधरा जानेवारीची तारीख पुढे ढकलली. कुणाच्या सांगण्यावरून नाही. मार्चमध्ये एक मालिका होती, ती आपल्या आत्ताच्या कानांनी खेळायची आणि मग जायचं, असं तिने ठरवलं. कौशल्याला तिने विचारलं नाही, नुसतं सांगितलं. कौशल्याने फक्त रोज सकाळी सरावाला येशील का, एवढं विचारलं.

डॉ. काझींच्या माणसांनी फेब्रुवारीत नवा चष्मा आणून दिला. जुन्या चष्म्याला जेवढा वेळ लागायचा त्याच्या पाचव्या हिश्शात हा चित्र दाखवायचा. फरक पडेल का, ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. सहा महिने, कदाचित दोन वर्षं, असं त्या म्हणाल्या. कौशल्या रोज सात वाजता मैदानावर जायची. सलमा चेंडू टाकायची, शिरोडकर सर मागे उभे राहून गोळा करायचे. दिवसाला शंभर चेंडू. पहिल्या आठवड्यात तिला त्यातले अकरा लागले. दुसऱ्या आठवड्यात नऊच. 

तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, सत्तर-पंचाहत्तर चेंडू झाले होते. सलमाने 'तयार?' विचारलं, हिने 'हो' म्हटलं. चेंडू सुटला. पांढरा ठिपका मोठा होत आला, आणि त्याच्या आतूनच, बाहेरून कुठून नव्हे, छर्रे खुळखुळत आले. कौशल्याने गुडघा टेकला आणि बॅट फिरवली. टणक, भरीव आवाज झाला. चेंडू कुंपणापर्यंत जाताना तिला ऐकू आला आणि जाताना दिसलाही.

ती तशीच गुडघ्यावर बसून राहिली. सलमा घाबरून पुढे आली आणि लागलं का म्हणून विचारू लागली.

"एकच होता," कौशल्या म्हणाली.

"काय एकच?"

"चेंडू."

सलमा तिच्याजवळ मातीत बसली. पुढचे पाच चेंडू पुन्हा चुकले असते, कदाचित पन्नासही. ते दोघींना माहीत होतं. सरांनी कुंपणापासून चेंडू आणला, तो हातात घेऊन हलवत ते जवळ उभे राहिले. सलमाने तो आवाज नीट ऐकला.

"ताई, समज, तुझं हे जमलं," ती म्हणाली. "नंतर माझंही जमलं. आपल्यासारखं ऐकू येतंय आणि वर दिसतंयही, अशी बाई तर डोळसांतही नसेल ना? मग आपल्याला कुठल्या गटात घेतील?"

कौशल्याने सरांकडे पाहिलं. नियमपुस्तक सरांना तोंडपाठ होतं; त्यात गट तीनच होते. सरांनी चेंडू हलवायचा थांबवला.